कार्डात गेम आहे की नुसता हक्क? स्विच २ घेण्याआधी कोकणातल्या घराने समजून घ्यायच्या गोष्टी

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘स्विच २’ हा गेम खेळायचा नवा कन्सोल ५ जून २०२५ रोजी जगातल्या प्रमुख बाजारपेठांत विक्रीला आला आणि पहिल्या चार दिवसांतच त्याचे ३५ लाखांहून अधिक नग खपले. सप्टेंबर २०२५ अखेर हा आकडा १ कोटी ३ लाखांच्या पुढे गेला होता. भारतात या कंपनीची अधिकृत विक्री नाही. तरीही मुंबईतल्या दुकानांतून, परदेशी असलेल्या नातेवाइकांच्या सामानातून आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या बॅगांतून हे यंत्र चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीपर्यंत पोहोचू लागले आहे. मुलांना ते हवे आहे, पालकांना त्याची किंमत कळते, पण पैसे मोजून नेमके काय पदरात पडते हे मात्र पुष्कळांना कळत नाही.

चाहत्यांच्या चर्चेत सर्वांत जास्त बोलले जाते ते यंत्राच्या ताकदीबद्दल: चित्र किती स्पष्ट, चिप किती वेगवान, पडदा कोणत्या जातीचा. हे प्रश्न बरोबरच आहेत. परंतु ज्या घरात पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे असतात, जिथे खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजतात आणि जिथून सर्वांत जवळचे अधिकृत दुरुस्ती केंद्र दुसऱ्या देशात आहे, त्या घराने आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. विकत घेतलेला गेम आपल्याकडे राहतो का, आणि कोणाच्याही मदतीशिवाय तो चालतो का, हा तो प्रश्न. या लेखात मी मुख्यतः त्याचा विचार केला आहे.

कन्सोल म्हणजे काय, आणि हातात मोबाइल असताना तो कशासाठी?

कन्सोल म्हणजे केवळ गेम खेळण्यासाठी बनवलेला संगणक. मोबाइलवरचा गेम शेकडो प्रकारच्या फोनवर चालावा अशा बेताने लिहावा लागतो. कन्सोलचा प्रत्येक नग मात्र सारखाच असतो, त्यामुळे गेम लिहिणाऱ्याला यंत्राची ताकद आणि मर्यादा नेमकी ठाऊक असते आणि तो त्या यंत्राकडून पुरेपूर काम करून घेऊ शकतो. दुसरा फरक पैशाचा आहे. मोबाइलवरचे अनेक गेम फुकट मिळतात आणि खेळता खेळता पैसे मागत राहतात. कन्सोलवरचा गेम बहुधा एकदाच पैसे देऊन घ्यायचा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याची धास्ती काही पालकांनी घेतली आहे, म्हणून सांगतो: तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो, विकत घेऊन खेळायच्या कन्सोलच्या गेमवर नाही.

मूळ स्विच मार्च २०१७ मध्ये आला. त्याची कल्पना साधी होती. पडदा हातात धरून खेळा, किंवा तोच पडदा ‘डॉक’ नावाच्या खाचेत बसवा आणि टीव्हीवर खेळा. ती लोकांना इतकी रुचली की आजवर त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले आहेत. मग नव्या यंत्राबद्दल चाहत्यांच्या मनात धाकधूक का होती? कारण या कंपनीचा इतिहासच तसा आहे. तिचा ‘वी’ हा कन्सोल १० कोटींहून अधिक खपला आणि त्याच्या पाठोपाठ आलेला ‘वी यू’ १ कोटी ३५ लाखांच्या आसपासच अडकला. तो नवा कन्सोल आहे की जुन्याचेच एखादे उपकरण, हेसुद्धा अनेक ग्राहकांना उमगले नव्हते. मोठ्या यशानंतर लगेच ठेच लागलेली ज्यांनी पाहिली आहे, ते दुसऱ्यांदा सावध राहणारच.

नव्या यंत्रात नवे काय?

पडदा ७.९ इंचांचा आहे आणि तो सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो, म्हणून हालचाल सलग दिसते. टीव्हीला जोडल्यावर फोर-के चित्र मिळू शकते. मेमरी जुन्या स्विचच्या ४ जीबीवरून १२ जीबी झाली आणि साठवणीची जागा ३२ जीबीवरून २५६ जीबी. दोन बाजूंचे ‘जॉय-कॉन’ कंट्रोलर आता चुंबकाने चिकटतात आणि टेबलावर आडवे ठेवून माउससारखेही वापरता येतात. जुन्या स्विचचे बहुसंख्य गेम या यंत्रावर चालतात, आणि काही तर आधीपेक्षा सफाईने चालतात. यंत्र बदलले म्हणून जुन्या गेमची कार्डे अडगळीत जात नाहीत, ही मला या साऱ्या यादीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

एक निराशाही आहे. २०२१ मध्ये जुन्या स्विचची ओलेड पडद्याची आवृत्ती आली होती आणि तिच्यात काळा रंग खरोखर काळा दिसे. नव्या यंत्रात पुन्हा एलसीडी पडदा आहे. ओलेड पाहिलेल्यांना हा फरक जाणवतो, इतरांना तो फारसा खटकणार नाही.

आणखी एका सोयीकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तिचे नाव ‘गेमशेअर’. एकाकडे गेम असला तर तो जवळ बसलेल्या दुसऱ्याच्या स्विचवर, जुन्या स्विचवरसुद्धा, त्याच वेळी खेळायला देता येतो आणि जवळ बसून खेळताना इंटरनेट लागत नाही. सगळे गेम ही सोय देत नाहीत. पण मे महिन्यात किंवा गणपतीत सगळी चुलत-मावस भावंडे एका पडवीत जमतात आणि मोबाइलच्या सिग्नलचा एकच दांडा मिळत असतो, अशा घरांसाठी ही फार उपयोगाची गोष्ट आहे.

एवढेसे यंत्र एवढे मोठे चित्र कसे काढते?

गेममधले चित्र आधी काढून ठेवलेले नसते. खेळणारा जिकडे वळेल तिकडचे दृश्य यंत्राला त्या क्षणी नव्याने काढावे लागते, आणि तेही सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहून अधिक वेळा. चित्र जितके मोठे, तितके ठिपके जास्त आणि तितकी वीज व उष्णता जास्त. हातात धरायच्या यंत्राला यातले काहीच परवडत नाही.

यावर एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने काढलेला तोडगा म्हणजे ‘डीएलएसएस’. यंत्र आधी कमी ठिपक्यांचे लहान चित्र काढते. मग असंख्य चित्रांवर शिकवून तयार केलेली एक गणिती व्यवस्था आधीच्या काही चित्रांतली माहिती आणि हालचालीची दिशा लक्षात घेऊन मधले ठिपके भरते आणि मोठे चित्र तयार करते. हे ठिपके अंदाजाने भरलेले असतात, त्यामुळे अतिवेगवान हालचालीत कधी कधी कडा थरथरल्यासारख्या दिसतात. तरीही कमी विजेत मिळणारा परिणाम चांगला आहे, आणि पूर्वी या कंपनीच्या यंत्रांवर येऊच न शकणारे सायबरपंक २०७७ सारखे भले मोठे गेम स्विच २ वर आले यामागे या युक्तीचा मोठा वाटा आहे. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलशी निव्वळ ताकदीची तुलना केली तर स्विच २ मागेच राहतो. ते यंत्र एका जागी बसते आणि भिंतीतल्या प्लगवर चालते. हे बॅटरीवर चालते. बॅटरी २ ते साडेसहा तास टिकते असे कंपनीच सांगते. सकाळच्या मांडवी एक्सप्रेसने मुंबईहून रत्नागिरीला यायला सहा-सात तास लागतात, तेव्हा मोठा गेम खेळणाऱ्याची बॅटरी चिपळूणच्या बरीच आधी संपेल असे धरून चालावे.

कार्ड विकत घेतले, तरी गेम डाउनलोड का करावा लागतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. स्विचचा गेम नखाएवढ्या कार्डावर मिळतो. कार्ड खाचेत घातले की गेम सुरू, अशी आजवरची साधारण पद्धत होती. स्विच २ बरोबर कंपनीने दुसऱ्या प्रकारचे कार्ड आणले आणि त्याला ‘गेम-की कार्ड’ असे नाव दिले. ते दिसायला तसेच असते, पण त्याच्यात गेम नसतो. ते खाचेत घातले की यंत्र इंटरनेटवरून सगळा गेम उतरवून घेते. एकदा उतरवल्यावर पुढे खेळायला इंटरनेट लागत नाही, परंतु प्रत्येक वेळी कार्ड खाचेत असावेच लागते.

हे रेशनकार्डासारखे आहे. रेशनकार्डात तांदूळ नसतो, तांदूळ मिळण्याचा हक्क असतो. धान्य दुकानात असते, ते दुकान उघडे असावे लागते, तिथे माल शिल्लक असावा लागतो आणि तिथवर जाण्याचा रस्ता चालू असावा लागतो. कार्ड कितीही जपून ठेवले तरी या तीन गोष्टी कार्डधारकाच्या हातात नसतात.

कंपन्या असे का करतात, याचे कारण खर्चात आहे. प्लेस्टेशनची चकती छापायला फार थोडा खर्च येतो. स्विचच्या कार्डात मेमरी चिप असते, ती महाग पडते, आणि गेम जितका मोठा तितकी मोठी चिप लागते. गेम प्रकाशित करणाऱ्या कंपनीला हा खर्च आपल्या नफ्यातून द्यावा लागतो. की-कार्डात जवळजवळ काहीच साठवायचे नसल्याने ते स्वस्तात तयार होते. वेगाचाही मुद्दा काही प्रकाशक मांडतात: यंत्राच्या आतल्या साठवणीतून गेम कार्डापेक्षा जलद वाचला जातो. हा मुद्दा खोटा नाही. पण निन्टेन्डोने स्वतःचे मारिओ कार्ट वर्ल्ड आणि डाँकी काँग बनान्झा पूर्ण कार्डावर दिले, सायबरपंकसारखा अवाढव्य गेमही ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण आला, आणि तो उत्तम चालतो. म्हणून वेगाची सबब सगळीकडे लागू पडत नाही असे माझे मत आहे. स्ट्रीट फायटर ६ मात्र की-कार्डावर मिळतो.

दुकानात हे ओळखायचे कसे? डब्याच्या दर्शनी बाजूला, अगदी खालच्या कडेला, आडवी पांढरी पट्टी असते. तिच्यावर किल्लीचे छोटे चित्र असते आणि पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागेल, अशी इंग्रजीत सूचना असते. यंत्रात किती जागा मोकळी लागेल तेही डब्यावर छापलेले असते. वरच्या रंगीत चित्रामुळे नजर तिथे जात नाही, आणि आपल्याकडे बरीच दुकाने डबा पारदर्शक कागदात गुंडाळून त्यावर नेमकी तिथेच किमतीची चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठी बाजूला करून पट्टी बघायला सांगावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही. एका गेमची किंमत परदेशात ८० डॉलरपर्यंत, म्हणजे सात हजार रुपयांच्या आसपास गेली आहे.

की-कार्डाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. थेट ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम खात्याशी कायमचा बांधला जातो आणि तो विकता येत नाही. की-कार्ड खेळून झाल्यावर मित्राला देता येते, विकता येते. म्हणजे पूर्ण कार्ड सर्वांत बरे, त्यानंतर की-कार्ड आणि शेवटी नुसते डाउनलोड, असा माझा क्रम आहे.

‘आता गावोगावी फायबर आले आहे, मग अडचण कसली?’

ही शंका मला अनेकांनी बोलून दाखवली आणि ती रास्त आहे. म्हणून आकडेमोड करून पाहू. समजा गेम ५० जीबीचा आहे. घरात खरोखर १०० एमबीपीएस वेगाचे फायबर असेल, तर तो तासाभरापेक्षा थोड्या अधिक वेळात उतरेल. वेग १० एमबीपीएस असेल तर अकरा तास लागतील. आणि घरात दिवसाला २ जीबी देणारा मोबाइलचा पॅकच असेल, तर दुसरे काहीही न पाहता सगळा डेटा गेमवर घालवला तरी पंचवीस दिवस जातील. डाउनलोड मध्येच तुटला तर तो जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो, हा दिलासा आहे. गेम उतरल्यानंतरही दुरुस्त्यांसाठी अधूनमधून काही जीबी लागतातच, मग कार्ड कोणतेही असो.

फायबर आले हे खरे, पण ते आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी विजेच्याच खांबांवरून ओढलेले असते. जून-जुलैमध्ये माडाची झाप किंवा आंब्याची फांदी तारेवर पडली की वीज आणि केबल एकदमच जातात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या कित्येक गावांत वीज परत यायला अनेक दिवस, काही ठिकाणी तर आठवडे लागले. अशा वेळी कोणाला गेमची आठवण येणार नाही हे मान्य आहे. परंतु साध्या पावसाळ्यातही दोन-दोन दिवस नेट नसते आणि मुले घरात अडकलेली असतात, म्हणजे कन्सोलचा खरा उपयोग व्हावा असे दिवस तेच असतात. इन्व्हर्टरवर यंत्र चार्ज होईल. नेट इन्व्हर्टरवर येत नाही.

जागेचाही प्रश्न आहे. २५६ जीबीत असे चार-पाच मोठे गेम बसतात. आणखी जागा हवी तर मेमरी कार्ड लागते, आणि स्विच २ ला ‘मायक्रो-एसडी एक्स्प्रेस’ नावाचेच वेगवान कार्ड चालते. मोबाइलचे किंवा जुन्या स्विचचे कार्ड घातले तर त्यातले फोटो आणि चित्रफिती तेवढ्या वाचल्या जातील, त्यावर गेम ठेवता येणार नाहीत. कन्सोल आला त्या वेळी २५६ जीबीचे एक्स्प्रेस कार्ड सुमारे ६० डॉलरला होते. हा खर्च सुरुवातीलाच धरावा, कारण ही कार्डे तालुक्याच्या दुकानात सहसा मिळत नाहीत.

‘एवढी मोठी कंपनी सर्व्हर बंद कशाला करील?’

गेम ज्या संगणकांवरून उतरतो ते सर्व्हर कंपनी आज बंद करणार नाही, उद्याही नाही. पण दहा-पंधरा वर्षांचा विचार केला तर ही भीती निराधार नाही. निन्टेन्डोने ‘वी’चे ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद केले. ‘थ्रीडीएस’ हे तिचेच आणखी एक जुने यंत्र आणि ‘वी यू’ यांची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली. या दोन यंत्रांवर आधी विकत घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय कंपनीने त्यानंतरही चालू ठेवली, हे तिच्या बाजूने सांगायला हवे. मात्र नवी खरेदी थांबली, आणि एप्रिल २०२४ मध्ये या यंत्रांवर इंटरनेटवरून एकमेकांशी खेळणेही बंद झाले.

इतर कंपन्यांचा अनुभव याहून कडू आहे. द क्रू हा मोटारशर्यतीचा गेम युबिसॉफ्ट या कंपनीने मार्च २०२४ अखेर बंद केला आणि ज्यांच्याकडे त्याची चकती होती त्यांनाही तो एकट्याने खेळता येईनासा झाला. त्या प्रकरणातून युरोपात ग्राहकांची मोहीम उभी राहिली आणि तिच्या निवेदनावरच्या सह्या जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर गेल्या. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून असा नियम लागू केला की, ग्राहकाला मालकी मिळत नसेल आणि केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर ऑनलाइन दुकानाने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

जपानमधली एक घटना मला सर्वांत बोलकी वाटते. तिथले राष्ट्रीय संसद ग्रंथालय पुस्तकांप्रमाणे गेमही जतन करते. गेम-की कार्डात मजकूरच नसल्यामुळे ते जतन करण्याजोग्या वस्तूंत बसत नाही, अशी भूमिका या ग्रंथालयाने घेतली. ज्यांचे कामच वस्तू टिकवण्याचे आहे त्यांनी हे कार्ड बाजूला ठेवले, याचा अर्थ ग्राहकाने नीट समजून घ्यावा. आमच्या भागात तीस वर्षांपूर्वीची टीव्हीला जोडायची गेमची खेळणी अजून काही घरांत माळ्यावर आहेत आणि कॅसेटची टोके पुसून घातली की ती चालतात. की-कार्डाबाबत अशी खात्री कोणालाच देता येणार नाही.

काडी आपोआप सरकते, ती का?

जुन्या स्विचची सर्वांत बदनाम खोड म्हणजे ‘ड्रिफ्ट’. कंट्रोलरवरच्या छोट्या दांडीला, जिला मुले काडी म्हणतात, हात न लावता पडद्यावरचे पात्र आपोआप चालू लागते. एका ओळखीच्या मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याने माझ्यासमोर अशी काडी उघडली होती. आत कार्बनचा पातळ काळा थर होता आणि त्यावरून फिरणारे धातूचे बारीक पाते. काडी कुठे कलली आहे हे यंत्राला त्या पात्याच्या जागेवरून कळते. घासून घासून काळ्या थरावर पांढुरकी रेघ उमटली होती आणि कडेला भुकटी साचली होती. थर झिजला की वाचन चुकते, आणि यंत्राला वाटते की कोणीतरी काडी ढकलतो आहे.

निन्टेन्डोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी २०२० मध्ये या त्रासाबद्दल ग्राहकांची माफी मागितली होती, आणि अमेरिका व युरोपात कंपनीने या दोषाची दुरुस्ती विनामूल्य करून दिली. त्यामुळे नव्या यंत्रात ‘हॉल इफेक्ट’ पद्धतीच्या काड्या येतील अशी चाहत्यांची मोठी आशा होती. या पद्धतीत जागा चुंबकाने ओळखली जाते, काहीही घासत नाही, म्हणून झीजही होत नाही. ती आशा फळाला आली नाही. नव्या काड्या नव्याने घडवल्या आहेत पण त्या हॉल इफेक्टच्या नाहीत, असे कंपनीनेच स्पष्ट केले. यंत्रे उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने स्विच २ ला दुरुस्तीच्या सोयीसाठी दहापैकी तीनच गुण दिले. बॅटरीसुद्धा आत घट्ट चिकटवलेली आहे.

कोकणात या यंत्राला आणखी एक शत्रू आहे. समुद्रकाठच्या हवेतले मीठ आणि पावसाळ्यातला ओलावा धातूच्या टोकांवर बसतो आणि ती गंजवतो. माझ्या अनुभवाने यावर उपाय फार साधे आहेत. यंत्र उघड्या खिडकीजवळ ठेवू नये, ते सुती कापडात गुंडाळून बंद कपाटातही ठेवू नये, कारण कापड ओलावा धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवावे आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी सुरू करावे. काजूगर टिकवायला जे घर इतकी काळजी घेते, त्याला हे जड नाही.

भारतात विकला जाणारा नग येतो कुठून?

हा लेख लिहीत असताना भारतात निन्टेन्डोचे दुरुस्ती केंद्र नाही आणि भारतासाठी स्वतंत्र ऑनलाइन दुकानही नाही. इथले ग्राहक दुसऱ्या देशाच्या नावाने खाते उघडतात. दुकानात मिळणारा नग दुबई, सिंगापूर, जपान किंवा अमेरिकेतून आणलेला असतो, आणि त्यावर मिळणारी हमी दुकानदाराची असते, कंपनीची नसते. ती कागदावर लिहून घ्यावी. अमेरिकेत यंत्राची किंमत ४४९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ३८-३९ हजार रुपये होती. इथे आयात कर आणि दुकानदाराचा नफा धरून ती वर जाते.

जपानहून कोणी यंत्र आणणार असेल तर विशेष काळजी घ्यावी. जपानमध्ये दोन आवृत्त्या आहेत. सुरुवातीला ४९,९८० येनला मिळणारी स्वस्त आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते आणि तिला जपानचेच खाते लागते. सर्व भाषांची आवृत्ती सुरुवातीला ६९,९८० येनची होती. किंमत पाहून घाईने पहिली घेतली, तर घरातल्या मुलाला पडद्यावरचा एकही शब्द वाचता येणार नाही.

वापरलेला नग घेताना धोका निराळा आहे. गेमच्या बेकायदा प्रती चालवणारी कार्डे वापरल्याचे आढळले तर कंपनी त्या यंत्राला आपल्या ऑनलाइन सेवांतून काढून टाकते, आणि ही बंदी यंत्राला लागते, मालक बदलला म्हणून उठत नाही. मे २०२५ मध्ये कंपनीने आपल्या अमेरिकेतल्या करारात, नियम मोडल्यास यंत्र अंशतः किंवा पूर्णतः कायमचे निकामी करण्याचा अधिकार राखून ठेवला. म्हणून जुना स्विच २ घेताना विकणाऱ्याच्या समोरच तो वाय-फायला जोडावा, ऑनलाइन दुकान उघडून एखादा फुकटचा नमुना गेम उतरायला लावावा, आणि मगच पैसे द्यावेत.

अधिकृत विक्री कधीतरी सुरू होईल ही चाहत्यांची आशा मलाही आहे. मात्र अडथळे कधी कधी अगदी अनपेक्षित जागी असतात. सोनीचे भारतात अधिकृत जाळे असूनही नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात आलेला प्लेस्टेशन ५ प्रो त्या वेळी भारतात आला नाही, कारण त्याच्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा इथे तेव्हा खुला नव्हता.

‘थांबलो तर स्वस्त होईल ना?’

पूर्वीचा अनुभव तसाच होता: कन्सोल आला की दोन-तीन वर्षांत त्याची किंमत उतरे. आता तो नियम राहिलेला नाही. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत २०२० मध्ये ४९९.९९ डॉलरला आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत ५४९.९९ डॉलर झाली. भारतातही तो सुरुवातीच्या ४९,९९० रुपयांवरून ५४,९९० रुपयांवर गेला. जुन्या स्विचची अमेरिकेतली किंमतसुद्धा आठ वर्षांनंतर, त्याच ऑगस्टमध्ये वाढवण्यात आली. तेव्हा केवळ स्वस्ताईसाठी थांबण्यात अर्थ नाही.

थांबण्याचे दुसरे कारण मात्र मला पटते. मोठे प्रकाशक येत्या दोन वर्षांत पूर्ण कार्डाकडे वळतात की की-कार्डाकडे, हे ग्राहक काय विकत घेतात त्यावर ठरणार आहे. ज्याच्या घरी जुना स्विच चालू स्थितीत आहे, त्याने हे चित्र स्पष्ट होईपर्यंत घाई करू नये. त्याच्याकडचे बहुतेक गेम कार्डातच आहेत आणि ते पुढे नव्या यंत्रावरही चालतील. ज्याला आत्ताच नवा घ्यायचा आहे त्याने पहिली दोन-तीन कार्डे पूर्ण गेमची निवडावीत, आणि यंत्र गावी आणण्याआधी मुंबईत किंवा जिथे नेट चांगले आहे तिथे एकदा सुरू करून त्याची प्रणाली अद्ययावत करून घ्यावी. पहिल्या तुकडीतल्या यंत्रांवर ती अद्ययावत केल्याशिवाय जुन्या स्विचची कार्डे चालतच नव्हती, आणि सणाच्या आदल्या रात्री नेट नसलेल्या वाडीत ही गोष्ट लक्षात आली तर मुलांची समजूत घालण्यापलीकडे हातात काही उरत नाही.